दवाखाना सोडून जिल्हा परिषदेला उभं राहावं का? सातपुड्याच्या पायथ्याहून एका डॉक्टरचा प्रश्न

तापीकाठची
धागा सुरू केला

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदा. मी डॉक्टर आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं आणि गेली नऊ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. माहेर-सासर दोन्ही तापीकाठचं, केळी-कापसाचं. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात कुणा एका माणसाला किंवा कार्यालयाला धारेवर धरायचं नाहीये.

नोकरीचा राजीनामा देऊन जिल्हा परिषदेची निवडणूक लढवावी, असं माझ्या मनाने घेतलंय. घरात बोलून झालंय. नवरा म्हणाला, तुझी तयारी असेल तर मी पाठीशी आहे. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय, दिलेला नाही.

हे डोक्यात कुठून आलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला खरं मत देता येईल.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. पहाटे पाचच्या सुमाराला एक बाई दहा-अकरा वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून आली. पोट दुखतंय आणि दोनदा ओकला, एवढीच तक्रार. अंगावर खूण नाही, सूज नाही. मी त्याला म्हटलं, वर बघ. त्याने आख्खी मान मागे टाकली आणि माझ्याकडे पाहिलं, कारण पापण्या उचलतच नव्हत्या. तिथेच कळलं. रात्री खाली जमिनीवर झोपला होता का? हो. म्हणजे मण्यार. ती चावलेली झोपेतल्या माणसाला कळतही नाही. प्रतिविष सुरू केलं. पण मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं आणि प्रतिविष दिलं म्हणून ते लगेच परत चालू होत नाहीत. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, प्राथमिक केंद्रात तो असायची अपेक्षाही नाही. अंबू बॅग आहे. रबरी फुगा, दर तीन-चार सेकंदांनी दाबायचा.

१०८ आली. आम्ही निघालो आणि थोड्याच अंतरावर नाल्याच्या फरशीपाशी, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलापाशी, थांबलो. फरशीवरून गुडघ्याच्या वर पाणी. ड्रायव्हरदादा म्हणाले, मॅडम, गाडी वाहून जाईल. एक तास चाळीस मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. मी, १०८वरचे डॉक्टर आणि पोराचा मामा आळीपाळीने फुगा दाबत होतो. मामाला दोन मिनिटांत शिकवलं. होळीला ढोल वाजवणारा माणूस तो, त्याची लय आम्हा दोघांपेक्षा पक्की होती. पाणी उतरलं, पोरगं वाचलं. आता शाळेत जातं, केंद्रात आलं की माझ्या टेबलावरची टॉर्च उचलून स्वतःच्याच डोळ्यात मारून दाखवतं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच फरशीवर बाळंतीण होती. प्रसूती केंद्रातच झाली, बाळ छान रडलं, आणि मग रक्त थांबेना. ऑक्सिटोसिन दिलं, मिसोप्रोस्टॉल दिलं, गर्भाशय चोळलं, आत फुगा भरून दाब दिला. तिला रक्त हवं होतं आणि रक्त फरशीच्या पलीकडे होतं. ती माझ्या हातातच गेली. तिच्या पायातले चांदीचे वाळे काढून तिच्या आईच्या ओंजळीत मी दिले. आई काही बोलली नाही, वाळे मोजले आणि पदराला बांधले.

माता मृत्यू झाला की त्याचा तपास होतो, फॉर्म भरावा लागतो. त्यात तीन उशीर विचारतात. पहिला, दवाखान्यात जायचं ठरवण्यातला. दुसरा, पोचण्यातला. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यातला. मी दुसऱ्यापुढे लिहिलं : फरशी पाण्याखाली, वाहन जाऊ शकले नाही. जिल्ह्याच्या बैठकीत सगळं नीट वाचलं गेलं, उपचारांत कसूर नाही असं ठरलं. मग मी विचारलं, फरशीचं काय? उत्तर आलं, तो बांधकाम विभागाचा विषय आहे, या बैठकीचा नाही. उत्तर देणारे चुकीचं बोलले नाहीत. खरंच तो त्या टेबलाचा विषय नव्हता. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि तेव्हा मला उमगलं की मी कितीही वर्षं चोख काम केलं, तरी मी ज्या टेबलापाशी बसते तिथे हा निर्णय कधीच येणार नाही.

तेव्हापासून सगळंच तसं दिसायला लागलंय. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलांना हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मी देते, पण तापात पाणी भरपूर पाज म्हणून आईला सांगताना तिच्या पाड्यावरचा हातपंप मार्चमध्येच आटलेला असतो. दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुलांच्या लसी अर्ध्यावर राहतात, परत येतात तेव्हा वजन घटलेलं. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र हा निकष आहे. लोक मोजले. मधले नाले कुणी मोजले?

आमदारकी-खासदारकी मला नको. जिथे पाणी, अंगणवाडी, रस्ता आणि उपकेंद्र एका छताखाली ठरतं तिथे जायचंय. तिथे जाऊन खरंच काही होतं का? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी स्पष्ट सांगा. कडू असलं तरी चालेल.

केळीवाला_रावेर

ताई, वाचून पोटात कालवलं. उभ्या राहा. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट घेऊन आम्ही कसे धावतो ते आमचं आम्हाला माहीत. सभागृहात हे सांगणारं एक तरी माणूस पाहिजे.

डॉ_भुसावळ

मॅडम, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, जाऊ नका.

मी खासगी प्रॅक्टिस करतो, पंचवीस वर्षं झाली. खान्देशात डॉक्टर निवडून जाणं नवीन नाही. जळगावातून डॉ. गुणवंतराव सरोदे लोकसभेत गेले, १९९८ला डॉ. उल्हास पाटील गेले. धुळ्यातून कॅन्सर सर्जन डॉ. सुभाष भामरे २०१४ आणि २०१९ असे दोनदा गेले, केंद्रात संरक्षण राज्यमंत्री झाले. नंदुरबारातून डॉ. हीना गावित २०१४ला गेल्या, तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. २०२४ला धुळ्यात तर डॉ. भामरे आणि डॉ. शोभा बच्छाव असा डॉक्टरविरुद्ध डॉक्टर सामना झाला आणि बच्छाव अगदी थोड्या मतांनी आल्या. सांगायचा मुद्दा हा की मतदाराला डॉक्टर आवडतो, त्यात अडचण नाही. अडचण पुढे आहे. एकदा तुम्ही पुढारी झालात की तुमच्याकडे येणारा माणूस पेशंट राहत नाही, त्याला दाखला हवा असतो, बदली हवी असते. तुमचा वेळ त्यात जाईल. सातपुड्याच्या पायथ्याशी नऊ वर्षं टिकलेली एमबीबीएस डॉक्टर ही या जिल्ह्यातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. सदस्य काय, साठ-सत्तर असतात.

आशाताई_सातपुडा

मॅडम, मी आशा आहे. तुमच्या केंद्राची नाही, पण डोंगर तोच. बाळ झालं की ४२ दिवसांत सहा-सात वेळा त्या घरी जाते. वजन करते, अंग गरम आहे का बघते, आईला दूध येतं का विचारते. चालत जाते, कारण पाड्याला वाट आहे, रस्ता नाही.

तुम्ही निवडून आलात तर आम्हाला आनंदच. पण एक सांगते. आमच्या आधीच्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा पुढचे डॉक्टर यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत बाया प्रसूतीला यायच्या बंद झाल्या. परत त्यांना आणायला मला दीड वर्ष लागलं. माणूस डॉक्टरच्या ओळखीवर येतो, इमारतीवर नाही. तुमच्या जागी कोण येणार, हे आधी ठरवा.

तापीकाठची

आशाताई, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी हात ठेवलात. राजीनाम्याचा कागद म्हणूनच कपाटात आहे. परवा एक आजी आल्या, गुडघे दाखवायला. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. मला म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुम्ही गयात ते आमले कोन देखी?" मी काही बोलू शकले नाही. गोळ्या लिहून दिल्या.

डॉ_भुसावळ सर, तुमचं म्हणणं खरं आहे, पण दुर्मीळ आहे म्हणून मी तिथेच फरशीच्या अलीकडे उभं राहायचं का? पुढची बाळंतीण आली तर मी पुन्हा तेवढंच करू शकेन जेवढं मागच्या वेळी केलं. त्यापुढे माझं शिक्षण जात नाही.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर

मी विज्ञान शिकवायचो. डॉक्टरीण बाईंनी जे लिहिलंय ते वाचून मला रुडॉल्फ विरशॉ आठवला. पेशींच्या अभ्यासासाठी तो शाळेच्या पुस्तकात येतो, पण त्याची दुसरी बाजू आपल्याकडे कुणी सांगत नाही.

१८४८ साली तेव्हाच्या प्रशिया या जर्मन राज्यातल्या अप्पर सायलेशिया भागात टायफस तापाची साथ आली. सरकारने या २६ वर्षांच्या डॉक्टरला पाहणीला पाठवलं. तो भाग म्हणजे गरीब, अर्धपोटी लोक, त्यांची भाषा पोलिश आणि कारभार जर्मनमध्ये. विरशॉने अहवालात औषधांची यादी दिली नाही. लोकांना शिक्षण द्या, त्यांच्या भाषेत द्या, रस्ते करा, शेती सुधारा, त्यांचा कारभार त्यांच्या हातात द्या, असं लिहिलं. राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेलं वैद्यक, असं तो म्हणायचा. पण तो म्हणून थांबला नाही. १८५९मध्ये बर्लिनच्या नगरपालिकेवर निवडून गेला आणि १९०२ला मरेपर्यंत सदस्य राहिला. शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था, रुग्णालयं, मांसाची तपासणी, हे सगळं त्याने तिथे बसून लावून धरलं. आणि हे करताना त्याची प्रयोगशाळा बंद पडली नाही.

बाई, त्यानेही आधी नगरपालिकाच धरली, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमची निवड बरोबर आहे.

धुळेकर_जिभाऊ

गुरुजी, माहिती छान. पण आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या ना. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल समाजातले, मुंबईत एमबीबीएस झाले, मग आयएएस. कोरोनाच्या काळात ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. ऑक्सिजनची तयारी त्यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच सुरू केली होती आणि २०२१मध्ये सगळा देश नंदुरबारकडे बघत होता. मतं न मागता डॉक्टरने किती करता येतं ते तिथे दिसलं.

आणि गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. १९८६पासून तिथे आहेत. गावातल्या बायकांना शिकवून घरातच नवजात बाळ वाचवता येतं, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं, १९९९ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज आशाताई ज्या घरभेटी करतात त्याचं मूळ तिथे आहे. कुठल्याही सभागृहात न बसता त्यांनी धोरण बदललं. ताई, तुमच्याकडेही नऊ वर्षांच्या नोंदी असतील. त्या मांडा.

तापीकाठची

जिभाऊ, दोन्ही उदाहरणं माझ्या मनात कायम असतात. भारूड साहेबांचं काम मी जवळून वाचलंय. पण जिल्हाधिकारी बदलून जातो, त्याने लावलेलं टिकवायला तिथला लोकप्रतिनिधी लागतो. बंग दांपत्याने जे केलं त्यासाठी लागणारी संशोधनाची शिस्त माझ्यात नाही, हे मी स्वतःला ओळखून सांगते. आणि फरशीवर पाणी आलं की वाहन जात नाही, हे सिद्ध करायला अभ्यास कशाला हवा? ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त ते ठरवणाऱ्या खोलीत ते कुणी बोलत नाही.

माजी_सदस्य

मी दहा वर्षं जिल्हा परिषद सदस्य होतो, त्यातली अडीच वर्षं आरोग्य समितीत. जिल्हा सांगत नाही. बाई, तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

सदस्य होऊन तुम्हाला काय करता येणार नाही ते आधी ऐका. प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, पण तुमच्यासारख्या वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक राज्य शासन करतं. आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आपले. डॉक्टरची रिकामी जागा आपण भरू शकत नाही, ठराव करून वर पाठवू शकतो. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय आपल्याकडे नाही, ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. म्हणजे तुमच्या बाळंतिणीला लागणारी रक्ताची सोय सभागृहातून थेट होणार नाही. हे माहीत नसताना निवडून आलेले माझ्यासकट कितीतरी जण पहिलं वर्ष वाया घालवतात.

आता काय करता येतं. तुमच्या एका पेशंटमागे चार समित्या बसलेल्या आहेत. उपकेंद्र आरोग्य समितीकडे, अंगणवाडी महिला व बालकल्याणकडे, हातपंप जलव्यवस्थापनकडे, फरशी बांधकामकडे. या चौघी एकमेकींशी बोलत नाहीत. सर्वसाधारण सभेत मात्र चौघींचे अधिकारी एकाच वेळी समोर बसलेले असतात. तिथे एक सदस्य उठून, नाव-तारीख-वेळ सांगून, ही बाई या चार कारणांनी गेली असं म्हणाला, तर ते इतिवृत्तात जातं. इतिवृत्तात गेलेल्या गोष्टीचं उत्तर पुढच्या सभेत द्यावं लागतं. ही ताकद लहान वाटते, पण मी तिच्या जोरावर दोन उपकेंद्रांना वीज जोडून घेतली आहे.

फरशीचं म्हणाल तर आधी तो रस्ता कुणाचा ते काढा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याला नंबर असतो, तो मिळवा. पैसा जिल्हा नियोजन समितीतून, तुमच्या भागात आदिवासी उपयोजनेतून, म्हणजे आदिवासी विकासासाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीतून, येतो. त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, पण तिच्यावर जिल्हा परिषद सदस्यांतून निवडलेली माणसं असतात. तिथवर पोचायचं लक्ष्य ठेवा.

खर्चाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. मी दुसऱ्या वेळी उभा राहिलो तेव्हा दीड एकर विकलं. परत आलं नाही, मी येऊही दिलं नाही. माझ्या मुलाने मला ते अजून माफ केलेलं नाही. घरच्यांशी हा आकडा समोर ठेवून बोला, नुसतं पाठीशी आहे एवढ्यावर जाऊ नका.

आणि अलीकडच्या वर्षांतलं चित्र बघा. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ला संपली आणि प्रशासक बसला. सभा नाही म्हणजे प्रश्न विचारायला जागाच नाही. गावागावांतल्या लोकांना हे जाणवलंच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

केळीवाला_रावेर

माजी_सदस्य आप्पा, एवढं उलगडून कुणी सांगत नाही. जपून ठेवतोय.

कायदा_चाळीसगाव

ताई, एक काळजीची गोष्ट. शासकीय सेवेत असताना राजकारणात भाग घेता येत नाही, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मध्ये ते स्पष्ट आहे. राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर व्हावा लागतो, नाहीतर छाननीत अर्ज जाईल. तोवर प्रचार होईल असं काही करू नका. इथे नाव-गाव लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत.

पाड्यावरचा

डॉक्टर मॅडम, मी तुम्हाला ओळखलंय. ढोलाच्या गोष्टीवरून ओळखलं. तो मामा माझा चुलतभाऊ आहे. नाव लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका.

मी पावरा आदिवासी आहे, नाशिकला शिकलो, आता गावात आहे. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत, राग मानू नका.

पहिली. तुम्ही ज्या गटात (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात) काम करता तो आमच्यासाठी राखीव आहे. तुम्हाला तिथून उभं राहता येणार नाही. ते राखीव आहे ते बरोबरच आहे. तुम्ही तापीकाठच्या गटातून उभ्या राहाल, तिथल्या लोकांची मतं घ्याल, ते तुम्हाला त्यांच्या केळीच्या, पाटाच्या गोष्टी सांगतील. मग आमची फरशी तुमच्या गटातली नसेल. तेव्हा काय कराल?

दुसरी. इथे सगळे बोलतायत ते डॉक्टरने राजकारणात यावं का यावर. आमच्या लोकांनी यावं का, हे कुणी विचारलं नाही. शहाद्याकडे १९७०च्या दशकात श्रमिक संघटनेच्या बायांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या, माझी आजी सांगायची. तेही आरोग्याचंच काम होतं आणि तेही राजकारणच होतं. त्या बाया कुठल्या कॉलेजात गेल्या नव्हत्या.

आणि फरशीचं एक तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिचा पलीकडचा काठ वनखात्याच्या हद्दीत आहे. उंच पूल करायचा तर जागा लागणार. जिल्हा परिषदेने उद्या पैसे दिले तरी वनजमिनीवर अडेल. त्याला वाट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, दवाखाना, अंगणवाडी, शाळा अशा कामांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ग्रामसभेची. म्हणजे पहिला कागद आमच्या पाड्यातून निघायला पाहिजे. तो आजवर निघालेला नाही, कारण कुणी सांगितलंच नाही की तो काढायचा असतो. पेसामधून, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यातून, ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध (मोकळा) निधी येतो, त्यातला एक वाटा आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षणाचा आहे. त्याचंही ग्रामसभेतच ठरतं.

तुम्ही नऊ वर्षं आमच्या सगळ्या घरी आलात. ग्रामसभेला एकदाही आला नाहीत.

तापीकाठची

पाड्यावरचा दादा, रात्री दोनदा वाचलं.

खरं आहे. ग्रामसभेला मी कधी आले नाही. मला वाटायचं तो माझा प्रांत नाही. माझ्या बैठकीत फरशीबद्दल मला जे उत्तर मिळालं, तेच मी न बोलता तुम्हाला देत होते. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहायलाच हवं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कालपर्यंत नव्हतं. आज सकाळपासून विचार करतेय. तुमच्या गटातून तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहिलं आणि माझ्या गटातून मी, तर सभागृहात दोन तोंडं होतील. एक तिथे राहणारं आणि एक तिथे उपचार केलेलं. फरशी माझ्या गटातली नसली तरी सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायला सदस्याला गट आडवा येत नाही, बरोबर ना माजी_सदस्य आप्पा? तुमची मावशी सरपंच होत्या ना, लसीकरणाच्या दिवशी स्वतः दारोदार फिरायच्या त्या? त्यांना कधी कुणी विचारलंय का?

आप्पा, तुमच्या सांगण्यावरून आज बांधकामाच्या कार्यालयात जाऊन आले. तो ग्रामीण मार्ग आहे. नंबर मिळाला. एवढी वर्षं त्या रस्त्यावरून गेले आणि त्याला नंबर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

माजी_सदस्य

गट आडवा येत नाही. पण लेखी प्रश्न मुदतीत द्या, तोंडी विचाराल तर टोलवतात. नमुना पाठवतो. ग्रामीण मार्ग आहे म्हणजे आपल्याच बांधकामाकडे, ही चांगली बातमी आहे. आणि त्या पावरा पोराचं ऐका. मला दहा वर्षांत हे कलम माहीत नव्हतं. माझ्या गटातला एक रस्ता वनखात्यात अडून तसाच राहिलाय.

डॉ_भुसावळ

मॅडम, मी अजूनही तुम्ही नोकरी सोडू नये याच मताचा आहे. पण हा धागा वाचून एक ठरवलं. तुम्ही सोडलीतच, तर नवा डॉक्टर येईपर्यंत आठवड्यातला एक दिवस मी तुमच्या भागात येईन. बाजाराचा वार कोणता ते कळवा. मला सिकलसेलच्या पेशंटचा सराव नाही, तेवढं तुम्ही शिकवा.

आशाताई_सातपुडा

सर, बाजाराच्या दिवशी बाया येतात खऱ्या, पण दुपारी दोनपर्यंतच. नंतर जीपगाड्या निघतात. सकाळी नऊला बसा.

तापीकाठची

डॉ_भुसावळ सर, काय बोलू. आशाताईंचं ऐका, नऊलाच बसू. अंबू कसा धरायचा, हे मी आधी शेजारच्या दोन पाड्यांच्या आशांना आणि पोरांना शिकवणार आहे. त्याला निवडणूक लागत नाही, राजीनामाही लागत नाही. उलट ते आत असतानाच करता येईल. कागद कपाटातच राहील, निवडणुकीची तारीख लागेपर्यंत. सासूबाईंना आप्पांचा दीड एकराचा निरोप वाचून दाखवला. पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, शेत विकायचं नाही, पण माझ्या नावावरची एफडी आहे.

दादा, ग्रामसभा कधी आहे?

पाड्यावरचा

रविवारी. मावशीला विचारलं. आधी म्हणाली, मला लिहिता येत नाही. मी म्हटलं, डॉक्टर मॅडम लिहितील, तू बोल. मग म्हणाली, बरं.

चुलतभाऊही येणार आहे. त्या पहाटे किती वेळ थांबलो ते तो सांगेल. कलम ३(२)चा नमुना मी भरून ठेवतो, झाडं मोजायला पोरं लावली आहेत. तुम्ही रस्त्याचा नंबर तेवढा आणा.

सकाळी दहाला या. पाऊस असला तर फरशीवरून येऊ नका. वरच्या अंगाला टेंभुर्णीची दोन झाडं आहेत, तिथून पायवाट आहे. मी अलीकडे उभा राहीन.